डिजिटल ग्रंथालयात संगीत शोधताय? या चुका टाळा

‘काहीही सापडलं नाही’ असं स्क्रीनवर आलं की बहुतेक जण तिथेच नाद सोडतात. पुष्कळदा हवी ती रचना संग्रहात असते, आपण तिला भलत्याच नावाने हाक मारलेली असते.

लोकप्रिय नावावर विसंबणं

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. बेथोव्हेनचा ‘मूनलाइट’ सोनाटा घ्या. हे नाव बेथोव्हेनने दिलेलंच नाही, ते मागाहून चिकटलं. सूचीत ही रचना ‘पियानो सोनाटा क्र. १४, ओपस २७ क्र. २’ अशी नोंदलेली असते; ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेला प्रकाशनावेळी मिळालेला क्रमांक. नुसतं ‘मूनलाइट’ टाकलं तर सोप्या केलेल्या आणि दुसऱ्याच वाद्यांवर बसवलेल्या प्रतींचा ढीग समोर येऊ शकतो. मोझार्टसाठी कोशेल क्रमांक वापरा, बाखसाठी बीडब्ल्यूव्ही; त्यांच्या रचनांना दिलेले हे ठरलेले क्रमांक. सूची जर्मन असो की फ्रेंच, आकडा तोच राहतो.

रशियन नावांचं दुखणं वेगळंच. रॅखमॅनिनॉफच्या नावाशेवटी रोमन लिपीत कुठे दोन ‘एफ’ असतात, कुठे ‘व्ही’. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत अशी रूपं सहसा एकमेकांना जोडलेली असतात. लोकांनी स्वतः फाइली चढवलेल्या संग्रहात मात्र ती जोडलेली असतीलच असं नाही, तेव्हा तिथे दोन्ही रूपं टाकून बघा.

दिसेल ती पहिली पीडीएफ उतरवणं

२००६ साली सुरू झालेल्या आयएमएसएलपी या स्वरलेखनांच्या ऑनलाइन संग्रहावर एकाच रचनेच्या अनेक आवृत्त्या मिळतात: हस्तलिखित, पहिली छापील प्रत, नंतरच्या संपादकांनी कुठे कोणतं बोट वापरायचं याच्या खुणा घातलेल्या प्रती. पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र स्वरलेखन) वेगळा, प्रत्येक वाद्याचे पार्ट वेगळे आणि रूपांतरं आणखी वेगळी. मी एकदा घाईत दुसऱ्याच पट्टीत बदललेली प्रत उतरवली आणि दोन आठवडे त्यावरच रियाज केला. सोबत वाजवायला बसल्यावर जे झालं ते न सांगितलेलं बरं. सभासद नसाल तर तिथे डाउनलोडआधी थोडं थांबावं लागतं. पान अडकलं समजून बटण बडवत बसू नका.

‘जुनं आहे, म्हणजे मोफत’

रचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. बेथोव्हेन १८२७ साली गेला, पण गेल्या वर्षी कुणी त्याचा सोनाटा ध्वनिमुद्रित केला असेल तर ते मुद्रण मोफत होत नाही. शिवाय देशागणिक मुदत बदलते. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह १९५३ साली वारला. कॅनडात तेव्हा मृत्यूनंतर ५० वर्षांचा नियम होता, म्हणून २००४ पासून त्याच्या रचना तिथे खुल्या झाल्या. युरोपीय संघात ७० वर्षं, म्हणजे त्या खुल्या झाल्या २०२४ मध्ये. अमेरिकेत १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं एकदमच १ जानेवारी २०२२ रोजी खुली झाली. एखादी फाइल एका देशात उघडते आणि दुसऱ्या देशात उघडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. इंटरनेट तपासण्याआधी फाइलशेजारची हक्काची नोंद वाचा.

जुन्या तबकड्या ऐकताना

खरखर ऐकून हेडफोन बदलू नका, ती तबकडीतलीच आहे. गाणं मध्येच तुटलं तर तबकडीची दुसरी बाजू शोधा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचंच संगीत मावायचं, त्यामुळे लांब रचनेचे तुकडे व्हायचे आणि ते वेगवेगळ्या नोंदींत विखुरलेले असू शकतात.

सुराचा घोटाळा अधिक फसवा. ‘७८’ म्हटल्या जाणाऱ्या सगळ्याच तबकड्या नेमक्या त्या वेगाने मुद्रित झालेल्या नव्हत्या. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी घेतलेली तबकडी ७८ ने वाजवली तर सूर चढतो, पेटीवर जवळजवळ शेजारच्या पट्टीवर जातो, आणि गायकाचा आवाजही पातळ वाटतो. त्यावरून कुणाच्या मूळ पट्टीबद्दल पैजा लावू नका. वेग बदलता येणाऱ्या प्लेअरवर पाच-सहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करून पाहा.

एमपीथ्री उतरवून तिची फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी फाइल) करणाऱ्यांसाठी एकच वाक्य: गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते. संग्रहात फ्लॅक असेल तर तीच थेट घ्या.

आणि सापडलेल्या नोंदीचा कायमचा दुवा लगेच जपून ठेवा. शोध-पानाचा पत्ता पुष्कळदा काही वेळाने निकामी होतो, आणि मग पुन्हा त्या ओपस क्रमांकापासून सुरुवात.