घर सोडून आलेल्या मुलामुलींना मदत कशी मिळवून द्यावी

रेल्वे फलाटावर किंवा एसटी स्थानकात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी एकटी, भेदरलेली दिसली, तर आधी तिला पाणी द्यावे, शेजारी बसावे आणि प्रश्नांचा भडिमार न करता १०९८ या चोवीस तास चालणाऱ्या विनामूल्य हेल्पलाइनवर फोन करावा. हा क्रमांक मुले स्वतःही फिरवू शकतात. अशा मुलांना २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि निवासाचा निर्णय समिती घेते. हितचिंतकांनी त्यांना परस्पर घरी पोहोचवू नये, कारण ज्या घरातून मूल पळाले, तिथेच अत्याचार होत असण्याची शक्यता असते.

लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, असे कायदा सांगतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. या गोष्टी सोबतच्या माणसाने नम्रपणे पण ठामपणे मागाव्यात. पीडित मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि खासगी रुग्णालयालाही प्रथमोपचार विनामूल्य द्यावे लागतात.

मदतीच्या भावनेनेसुद्धा मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नये. ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.