'डंकर्क'वरून भांडायचंच असेल तर नीट कसं भांडायचं

ख्रिस्तोफर नोलनचा 'डंकर्क' हा पिक्चर, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर जर्मनांनी कोंडलेल्या ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिकांच्या सुटकेचा, २०१७ ला आला आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. एकीकडे मी, दुसरीकडे माझा मावसभाऊ, मोठा आहे म्हणून आम्ही दादाच म्हणतो. गणपतीत सगळे जमलो की कोणीतरी विषय काढतंच. पहिली दोन-तीन वर्षं नुसती आरडाओरड, तो म्हणायचा "ह्यात स्टोरीच नाही", मी म्हणायचो "तुला कळलाच नाही", झालं, त्यापुढे कोणाकडेच काही नाही. मग हळूहळू आम्हाला भांडायचं कसं ते जमायला लागलं आणि आता दर वेळी मला त्या पिक्चरमध्ये काहीतरी नवीन दिसतं. ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. बघितला नसेल तर आधी बघा, खाली शेवटापर्यंत सगळं सांगितलंय.

सगळ्यात आधी समोरच्याला विचारा, कुठे बघितलास. हा प्रश्न टाळलात तर पुढचा तासभर वाया जातो. जवळजवळ पाऊण पिक्चर आयमॅक्सच्या, म्हणजे खूप मोठ्या पडद्यासाठीच्या, कॅमेऱ्यावर शूट झालाय आणि ती मूळ फ्रेम चौकोनाच्या जवळ जाणारी, उंच आहे, रुंदी १.४३ तर उंची १. आपल्याकडे बहुतेकांनी वरखाली कापलेली फ्रेमच बघितली, आणि मोबाईलवर बघितला असेल तर विषयच संपला. विमानाच्या सीनमध्ये खाली समुद्र आणि वर आकाश एवढंच असतं, त्या उंचीमुळेच पोटात गोळा येतो, ती उंची गेली की उरतं एक ठिपक्याएवढं विमान आणि मास्कमधून येणारं अर्धवट बोलणं. दादाने पहिल्यांदा लॅपटॉपवर बघितला होता, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं! तोपर्यंत आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या पिक्चरवर भांडत होतो.

मग एक नियम करा, "बोअर" आणि "मास्टरपीस" हे दोन शब्द बंद. जे म्हणायचंय ते एखाद्या सीनवर बोट ठेवून म्हणायचं. हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण सीन सांगायला गेलं की माणसाला स्वतःलाच कळतं आपल्याला नक्की काय खटकलंय.

स्ट्रक्चरचंच घ्या. धक्क्यावरचा एक आठवडा, सैनिकांना आणायला निघालेल्या छोट्या होडीचा समुद्रावरचा एक दिवस, लढाऊ विमानांचा हवेतला एक तास, हे तिन्ही एकमेकांत विणलेत आणि अर्ध्या लोकांची तक्रार तीच की उगाच गुंता केलाय. ह्यावर "नोलन आहे, तसंच असतं" हे उत्तर होत नाही. मी कॉलिन्स ह्या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाचं उदाहरण देतो. त्याचं विमान पाण्यावर उतरतं, वरून जाणाऱ्या त्याच्या जोडीदार वैमानिकाला, फॅरियरला, त्याचा हात हलताना दिसतो, त्याला वाटतं हा ठीक आहे, आपल्यालाही तसंच वाटतं. बऱ्याच वेळाने तीच घटना होडीच्या बाजूने येते आणि कळतं की वरची काच अडकली होती, आत पाणी भरत होतं आणि तो हात बाहेर पडायच्या धडपडीचा होता. सरळ क्रमाने सांगितलं असतं तर हे झालंच नसतं. किलियन मर्फीने केलेल्या सैनिकाचंही तेच, आधी तो होडीवर थरथरणारा, मिटलेला माणूस म्हणून भेटतो आणि नंतर आदल्या रात्रीच्या सीनमध्ये तोच शांतपणे, अधिकाराने पाण्यातल्या पोरांना सांगत असतो की होडीत जागा नाही. मधल्या काही तासांत माणसाचं काय झालं ते कोणी बोलून दाखवत नाही, ते आपण जोडतो. आता दादा म्हणतो की हे दोन सीन सोडले तर बाकी ठिकाणी उड्यांमुळे ताण तुटतो, विशेषतः जहाज बुडत असताना दुपारच्या उन्हातली विमानं येतात तेव्हा. हे मला मान्य करावं लागलं. दोनदा बघून मान्य केलं.

दिसण्याबद्दल बोलताना एक चूक खूप जण करतात (मीही करायचो), "सगळं खरं आहे, कंप्युटरवर नाही केलं" हे ट्रॉफीसारखं पुढे करायचं. स्पिटफायर ही त्या काळची ब्रिटिश लढाऊ विमानं खरी उडवली, खऱ्या डंकर्कच्या किनाऱ्यावर शूट केलं, ह्याने मेहनत कळते, सीन चांगला आहे हे सिद्ध होत नाही. त्यातून पडद्यावर काय आलं ते सांगा. फ्लाइटच्या सीनमध्ये क्षितिज तिरकं होतं, पंखावरचं ऊन सरकतं, शत्रूचं विमान निशाण्यात यायला वेळ लागतो आणि येतं तेव्हाही हातातून निसटतं, बाकी युद्धपटात विमानं कशी गिरक्या घेत लगेच फट्कन पाडतात, तसं इथे नाही. नेम धरणं किती अवघड असेल ते मला पहिल्यांदा इथे कळलं.

आणि ह्याच खरेपणाच्या हट्टाचा तोटाही आहे, तो आपणच आधी बोलून टाकावा. किनारा रिकामा वाटतो. २६ मे ते ४ जून १९४० मध्ये तिथून ३,३८,००० च्या वर माणसं काढली, आणि पडद्यावर काय, तर नीट रांगा आणि मध्ये मोकळी वाळू. गर्दी दाखवायला पुठ्ठ्याचे सैनिक उभे केले होते, तरी ती भरत नाही. इथे दादाचा हुकमी पत्ता म्हणजे २००७ चा 'अटोनमेंट' हा पिक्चर, त्यात हाच किनारा सुमारे पाच मिनिटांच्या एका सलग शॉटमध्ये आहे, हजारभर माणसं घेऊन इंग्लंडमधल्या रेडकारला केलेला, घोडे मारतायत, कोणी गातंय, कोणी दारू पिऊन पडलंय, पाळणा फिरतोय. हरलेल्या फौजेचा पसारा तिथे दिसतो, नोलनकडे नाही. माझं म्हणणं असं की नोलनला एकटेपणा हवा होता, वाळूवर आडवा पडलेला पोरगा आणि एकेक करत जवळ येणारे बॉम्ब, ते रिकामेपणाशिवाय एवढं अंगावर आलं नसतं. पण जहाजांच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. एका वेळी एखादंच मोठं जहाज दिसतं आणि शेवटी छोट्या होड्या सगळ्यांना वाचवतात असं वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक माणसं मोठ्या जहाजांनी आणि धक्क्यावरून गेली.

रक्त नाही म्हणून पिक्चर मिळमिळीत, ह्यावर फार वेळ घालवू नका, तो पळून जायचा आणि बुडायचा पिक्चर आहे, भीती पाण्याची आहे.

आता सगळ्यात नाजूक भाग, भारतीय कुठेत. २०१७ ला आपल्याकडे ह्यावरून बराच राग होता आणि तो फुकाचा नव्हता. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी सैन्यातलं रसद-वाहतुकीचं दल, त्याच्या खेचरांच्या कंपन्या फ्रान्सला गेल्या होत्या, बरेचसे पंजाबी मुसलमान जवान, त्यातली एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली आणि काहीशे जण डंकर्कहून निघाले, खेचरं मागे सोडून. पडद्यावर त्यांचा एकही चेहरा नाही. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा नाहीतर भांडण हमखास बिघडतं. एक, ही माणसं दिसायला हवी होती का? हो, रांगेत दोन-चार चेहरे दाखवायला काहीच अडचण नव्हती, मी ह्याचा बचाव करत नाही. दोन, ते नाहीत म्हणून एडिटिंग, आवाज, कॅमेरा वाईट ठरतो का? त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याने उत्तर देणारा माणूस समोरच्याचं दुखणं उडवून लावत असतो, तसं करू नका. फ्रेंचांचं असंच, मागची फळी त्यांनी धरून ठेवली म्हणून इतके सुटले, पिक्चरमध्ये ते सुरुवातीच्या अडथळ्याशी, गिब्सनमध्ये (ब्रिटिश असल्याचं भासवणारा फ्रेंच सैनिक) आणि ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या "मी फ्रेंचांसाठी थांबतोय" ह्या एका वाक्यात आहेत, तेवढं पुरेसं आहे का ह्यावर खुशाल भांडा.

आवाजावर बोलायचं असेल तर हेडफोन लावून एकदा ऐका, घड्याळाची टिकटिक जवळजवळ पूर्ण पिक्चरभर आहे. आमची मावशी म्हणते तिला त्याने डोकं दुखतं, आणि मला वाटतं हे पिक्चरबद्दलचं सगळ्यात अचूक वाक्य आहे, कारण ती टिकटिक थांबते ट्रेनमध्ये पोरांना झोप लागते तेव्हा, आणि ती थांबल्यावरच कळतं आपण किती वेळ आवळून बसलो होतो.

शेवटावर मात्र एकत्र बसून, रिमोट हातात घेऊनच भांडा. दादाचा आरोप आहे की चर्चिलचं भाषण आणलं म्हणजे झेंडा फडकवलाच. मी त्याला एवढंच दाखवतो की भाषण चर्चिलच्या आवाजात नाहीच, थकलेला टॉमी, ज्याच्यासोबत आपण किनाऱ्यावरचा आठवडा काढतो तो तरुण सैनिक, ट्रेनमध्ये पेपरातून ते सपाट वाचतोय, मध्ये फॅरियरचं पेटलेलं विमान येतं, आणि मग परत टॉमी, वाचून संपलेलं, पेपरावरून नजर वर करतो. क्षणभरच. तिथे पॉज करा आणि समोरच्याला विचारा, ह्या पोराच्या चेहऱ्यावर तुला काय दिसतंय. दादाला अभिमान दिसतो. मला नाही दिसत. येत्या गणपतीत परत लावणार आहोत.