गंगेला पूर येण्याआधी: गोदाकाठच्या शेतात काय करून ठेवावे

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, की फोटो फिरू लागतात. निफाडकडच्या शेतकऱ्याने मात्र या मोजपट्टीवर विसंबू नये. रामकुंडावरून जातं ते गंगापूर धरणाचं आणि शहर परिसरातल्या पावसाचं पाणी. दारणा नदी गंगेला मिळते ती शहराच्या खाली, दारणा सांगवीजवळ. त्यापुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याला कादवा नदी येते, आणि बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणजे अडून मागे चढणारं पाणी, मागच्या गावांना जाणवतो. मारुती कमरेइतक्या पाण्यात असतानाच चांदोरी-सायखेड्याचं सोयाबीन बुडालेलं असू शकतं. आपल्याकडे लख्ख ऊन असलं तरी भरवसा नाही. पाऊस पडतो इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात, पाणी येतं आपल्या बांधाला.

म्हणून पहिलं काम, स्वतःची मोजपट्टी. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते घरातल्या जाणत्यांना विचारा आणि बांधावरच्या बाभळीला किंवा विजेच्या खांबापासून दूर असलेल्या भिंतीला ऑइलपेंटने रेघा मारा. पुढे दर पावसाळ्यात वहीत तीन आकडे लिहायचे: गंगापूर धरणाचा विसर्ग (म्हणजे सोडलेलं पाणी), दारणा धरणाचा विसर्ग, आणि त्या वेळी आपल्या रेघेपासून पाणी किती खाली होतं. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात; एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, म्हणजे 10 हजार क्युसेकला सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या वर. दोन्ही धरणांचं पाणी एकाच वेळी पोहोचत नाही, त्यामुळे नुसती बेरीज करून भागत नाही. पण दोन-तीन पावसाळ्यांत आपल्या शेताचा आकडा कळतो. तो कळला की 'विसर्ग वाढवला' या बातमीचा अर्थ लागतो.

मग मोटर. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि तेच सगळ्यात टाळता येण्याजोगं असतं. एका वर्षी मी 'सकाळी काढू' म्हणून झोपलो. सकाळी पाइपचं फक्त टोक दिसत होतं. तेव्हापासून मृगाच्या आधीच फाउंडेशनचे बोल्ट सैल करून ग्रीस लावतो, कारण गंजलेला बोल्ट रात्री टॉर्चच्या उजेडात सुटत नाही. केबलच्या तिन्ही वायरींना रंगीत टेप लावून ठेवा, म्हणजे परत जोडताना मोटर उलटी फिरणार नाही. पाण्याने ठरवलेली रेघ गाठली की आधी फ्यूज काढायचे, मग वायरी, मग ट्रॅक्टरला दोर बांधून मोटर वर. स्टार्टरची पेटी पाण्यात असेल तर हात लावू नका, मोटर गेली तर जाऊ द्या. डीपीत (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत) पाणी शिरलं असेल तर महावितरणला 1912 वर कळवा.

जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या, कानातला बिल्ला आहे ना तेही बघा. गोठा सखल जागी असेल तर कुणाच्या उंचावरच्या खळ्यात बांधायची, हे त्या घराशी आधीच बोलून ठेवा. हलवायला वेळच मिळाला नाही तर निदान दावी सोडा; मोकळं जनावर पोहतं, बांधलेलं बुडतं. कांद्याची चाळ काठाला असेल तर खालचा थर आधी विकावा. भाव वाढेल म्हणून थांबणं समजू शकतो, पण भिजलेल्या कांद्याला भावच नसतो.

कागदांचं थोडक्यात: ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) वेळेत करा, सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवा. विम्याच्या अटी बदलत राहतात, तेव्हा यंदाच्या पावतीवर पुराचं नुकसान बसतं का आणि किती तासांत कळवायचं, हे भरतानाच विचारा. सरकारी मदतीसाठी पिकाचं 33 टक्के किंवा जास्त नुकसान पंचनाम्यात यावं लागतं. म्हणून पाणी असतानाच गट नंबर आणि ओळखीची खूण दिसेल असे फोटो काढा. ओसरल्यावर रान कोरडं दिसतं आणि वाद सुरू होतात.

पाणी उतरल्यावर घाई नको. आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर घालू नका, रान दाबलं जातं. टोमॅटो, मिरची उभी असेल तर मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी करा, लिटरला अडीच-तीन ग्रॅम. गाळ आणि वाहून आलेल्या पालापाचोळ्यात साप असतात, काठी आपटत चाला. बुडालेली मोटर लगेच चालू करू नका. कॉइल वाळवून, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून तपासल्यावरच. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर ते उपसून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय घोटभरही पिऊ नये. जमीन खरडून गेली असेल तर तलाठ्याला ते पिकाच्या नुकसानीपासून वेगळं लिहायला सांगा, कारण त्याची मदत वेगळ्या निकषाने मिळते.