कात्रजचं प्राणीसंग्रहालय: आधी वाघ, मग साप

पुण्यातलं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असतं. सुट्टी टाकून, मुलांना तयार करून फाटकापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, यासारखी निराशा नाही. म्हणून वार आधी बघा.

परिसर जवळजवळ 130 एकरांचा आहे, मध्ये तलाव. फाटक उघडताच आत शिरा आणि वाटेत न रेंगाळता आधी वाघ, सिंह, अस्वल गाठा. ऊन चढलं की हे प्राणी सावलीला आडवे होतात, मग मुलांना झुडपामागचं शेपूट तेवढं दिसतं. सर्पोद्यानाचं उलट आहे. साप, सुसरी, कासवं अंग तापवायला उन्हात येतात, त्यामुळे थंडीच्या दिवसांत त्यांच्यासाठी दुपारच बरी. उन्हाळ्यात मात्र तेही सकाळीच उरका.

आजी-आजोबा सोबत असतील तर बॅटरीवरची गाडी घ्या, पण लहानग्यांना शक्यतो चालवा. गाडीतून गवा नुसता मागे सरकतो. कठड्याशी दहा मिनिटं थांबलं की त्याचे पांढरे पायमोजे मुलं स्वतः ओळखतात. पाण्याला स्टीलची बाटली घ्या. आणि काचेवर टकटक करू देऊ नका, कृपा करून.