सांता क्लारा काउंटी: पत्ता एका गावाचा, शाळा दुसऱ्या गावची

सांता क्लारा ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातली काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण इथे जिल्हाधिकारी नसतो. निवडून आलेले पाच सुपरवायझर कारभार बघतात. लग्नाचा परवाना आणि प्रॉपर्टी टॅक्स काउंटीकडे. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र राज्याचं, आणि इथले रहिवासी झाल्यापासून 10 दिवसांत ते काढायचा नियम आहे.

नव्या माणसाची सगळ्यात महागडी चूक घर निवडताना होते: गावाच्या नावावरून तो शाळा गृहीत धरतो. 1950 साली काउंटीत 2 लाख 90 हजार माणसं होती आणि चहूकडे जर्दाळू-प्रूनच्या बागा. 2020 च्या जनगणनेत आकडा 19 लाख 36 हजारांवर गेला. मधल्या काळात सॅन होजे शहराने आजूबाजूच्या बागा भराभर गिळल्या. आपणही गिळले जाऊ नये म्हणून कुपर्टिनोसारखी गावं स्वतंत्र शहरं झाली. आज शहरं 15 आहेत, पण शाळांच्या हद्दी त्यांच्याशी जुळत नाहीत. सॅन होजेच्या पश्चिम टोकाला पत्ता सॅन होजेचा असतो, मुलं मात्र कुपर्टिनो युनियन या स्कूल डिस्ट्रिक्टच्या शाळेत जातात (डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे, सरकारी शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था). नववीपासून पुढे तिथे फ्रिमाँट युनियन डिस्ट्रिक्ट लागतं. त्याचा फ्रिमाँट शहराशी काही संबंध नाही. ते शहर शेजारच्या अलामेडा काउंटीत आहे! म्हणून जाहिरातीतल्या गावाच्या नावावर जाऊ नका. घर नंबरासकट पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर टाकून बघा, मगच लीजवर सही करा. जवळच्या शाळेत जागा नसेल तर मुलाला त्याच डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात, तेही आधी विचारा. प्रवेशासाठी लीज, वीजबिल, जन्मदाखला आणि लसींची नोंद लागते.

घर विकत घेतलंत तर टॅक्सचे दोन हप्ते असतात: 10 डिसेंबर आणि 10 एप्रिलपर्यंत. चुकला की 10 टक्के दंड, बिल पोचलं नाही ही सबब चालत नाही.

पश्चिमेचे सांताक्रूझ डोंगर समुद्राकडचा पाऊस अडवतात, त्यामुळे सॅन होजेत वर्षाला जेमतेम 15 इंच, पुण्याच्या निम्मा, आणि तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्च. तेवढ्यावरून पूर येत नाही असं समजू नका: 2017 च्या फेब्रुवारीत कोयोटी क्रीकचं पाणी घरांत शिरलं होतं. उत्तरेला खाडीकाठचं अल्विसो तर भूजल उपसून खचलेल्या जमिनीवर आहे. फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या पूरनकाशावर पत्ता तपासा. भाडेकरूचा नेहमीचा विमा पूर आणि भूकंपाचं नुकसान देत नाही, दोन्ही वेगळे काढावे लागतात.