डिप पावडर चार दिवसांत उचलते? या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या सलूनमध्ये दुसरीकडं डिप (नखावर बेस लावून वर रंगीत पावडरीचा कडक थर) करून आलेल्या बायका आठवड्याला दोघी-तिघी तरी येतात. तक्रार एकच. "अक्का, चारच दिवस झाले, आणि कडेनं उचलायलंय की." प्रत्येकीला वाटतं पावडर खराब होती. पावडर क्वचितच खराब असते. नख तयार करताना घाई झालेली असते, ती चौथ्या दिवशी वर येते.

आधी खरंच उचललंय का ते बघा. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. तीन आठवड्यांनी मुळाशी दोन मिलिमीटर मोकळं नख दिसलं तर ती वाढ झाली, त्यात कुणाची चूक नाही. कडेला केस अडकायला लागला, थराखाली पांढुरकं दिसायला लागलं, तर ते लिफ्टिंग.

पाण्यात हात बुडवून लगेच डिप

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. नख पाणी शोषतं आणि थोडं पसरतं. त्या पसरलेल्या नखावर कडक थर बसवला की पुढच्या काही तासांत नख वाळून आकसतं, वरचा थर मात्र आहे तसाच राहतो. दोघांची पकड तिथंच सुटते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, लग्नाची गर्दी. खानापूरकडची एक नवरी मॅनिक्युअर आणि डिप दोन्ही करायला आली. मी दुसऱ्या नवरीच्या मेकअपची ट्रायल घेत होते, म्हणून हात नव्या मुलीकडं दिला. तिनं १५ मिनिटं कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवली, तेलानं मसाज केला, टॉवेलनं पुसलं आणि बेस लावायला घेतला. दिसायला नखं सुंदर झाली. फोटोही काढले.

अक्षतेच्या दिवशी सकाळी सहाला नवरीच्या आईचा फोन. "अक्का, पोरीची नखं निघालीत की! आता काय करायचं?" बॅग भरली आणि खानापूर गाठलं. दहापैकी पाच नखं उचललेली, त्यातली दोन तिनं रात्री घाबरून दातानं ओढून काढलेली. डिपबरोबर नखाचे वरचे पापुद्रे निघून आले होते, पाणी लागलं तरी झोंबत होतं. त्या दोन नखांवर मी डिप घातलं नाही, नुसती मॅचिंग नेलपॉलिश लावली. बाकीची ॲसिटोनमध्ये भिजवून काढली आणि पुन्हा केली. मुहूर्त गाठला, पैसे घेतले नाहीत. त्या मुलीला मी बोलले नाही. आधी काय आणि नंतर काय, हे तिला शिकवायचं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडं डिपच्या गिऱ्हाइकाला पाण्याचा बाऊल नाही. मॅनिक्युअर कोरडंच होतं, तेल सगळ्यात शेवटी, टॉप कोट वाळल्यावर. जून ते सप्टेंबर आपल्याकडं बायका भिजूनच आत येतात. त्यांना अर्धा तास पंख्याखाली बसवते. कुणी म्हणतं, "वेळ नाही, लगेच करा." मी करत नाही. नवरीची नखं हळदीनंतरच धरते, कारण हळदीतलं तेल नखाच्या कडांत बसतं आणि फिक्या रंगावर पिवळा डाग पडतो.

नखावर चिकटलेली कातडी

मुळाशी नखाला चिकटून एक पातळ, पारदर्शक, मेलेली कातडी असते. नुसती मागं ढकलून भागत नाही, पुशरच्या (कातडी मागं ढकलायच्या काडीच्या) चपट्या टोकानं नखावरून खरवडून काढावी लागते. ती राहिली तर डिप नखावर बसतच नाही, कातडीवर बसतं आणि कातडीबरोबर सुटतं. आजूबाजूची जिवंत कातडी कापू नका.

मग १८० ग्रिटच्या बफरनं (नख घासायच्या खरखरीत पट्टीनं) चमक घालवायची, हलक्या हातानं. दोन्ही कडांचे कोपरे विसरायचे नाहीत, लिफ्टिंग बहुतेक तिथूनच सुरू होतं. तीन दिवसांचा कोर्स करून आलेल्या मुली इथं ड्रिल मशीन चालवतात आणि नख कागदासारखं करून ठेवतात. पातळ नख वाकतं, डिप वाकत नाही. धूळ झाडा, डिहायड्रेटर (नखावरचं तेल आणि ओलावा काढणारा द्रव) लावा, आणि त्यानंतर नखाला बोट लावू नका. वाळलं का बघायला अंगठा दाबणाऱ्या मी खूप बघितल्यात. अंगठ्याचं तेल लागलं की सगळी तयारी वाया.

बेस लावताना कातडीपासून केसभर अंतर ठेवा. कातडीला लागला तर पावडर घालायच्या आधीच लाकडी काडीनं पुसून घ्या.

बेस, ॲक्टिव्हेटर आणि बाकीचं

बेसमध्ये सायनोॲक्रिलेट असतं, फेव्हिक्विकच्या कुळातलंच. हवेतल्या ओलाव्यानं ते घट्ट होतं. बेळगावच्या पावसात बाटली उघडी ठेवून गप्पा मारल्या तर बेसला तारा सुटतात, तसला बेस फेकून द्या. मी प्रत्येक नखानंतर झाकण लावते. वेळ जातो, जाऊ दे.

थर पातळ द्या, दोन किंवा तीन. मुळाशी जाड झालेला थर केसात अडकून उचलतो.

नखाचं पुढचं टोकही बेसनं झाका.

ॲक्टिव्हेटर, म्हणजे थर घट्ट करणारा द्रव, पूर्ण वाळल्याशिवाय फाईल नाही आणि टॉप कोटही नाही. ओल्यावर टॉप लावला तर ब्रश दगड होतो.

बोट डबीत बुडवू नका, चमच्यानं पावडर वरून सोडा. याचा लिफ्टिंगशी संबंध नाही, पण एकीचं बोट गेलेल्या डबीत दुसरीचं घालणं मला पटत नाही.

उचललेली कड गोंदानं चिकटवणं तर अजिबात नको. खाली पाणी अडकतं, जंतू वाढतात आणि नख हिरवं पडतं. कड थोडीच उचलली असेल तर सुटलेला भाग फाईल करा, जास्त असेल तर ॲसिटोनचा कापूस आणि फॉईल १५ मिनिटं बांधून सगळं काढा. गेल्या पावसाळ्यात कॉलेजची एक मुलगी असंच हिरवं नख घेऊन आली. "वरून डार्क कलर मारून द्या, दिसणार नाही," म्हणाली. मी सगळं काढलं आणि तिला डॉक्टरांकडं पाठवलं. अख्खं नख नवं यायला सहा महिने लागतात, तोवर त्या बोटावर काही लावणार नाही हे तिच्या आईला फोन करून सांगितलं.