अंगठ्याची कामं पुण्यात, ओटीपीची कामं तिकडून

परदेशात पाच-सात वर्षं झाली की पुण्यातली कागदपत्रं हळूहळू हाताबाहेर जायला लागतात. सिम बंद पडतं, बँक केवायसी मागते, बाणेरच्या फ्लॅटमधला भाडेकरू बदलतो. प्रत्येक वेळी शेवटी एकतर ओटीपी भारतातल्या नंबरवर जातो, नाहीतर समोरचा माणूस म्हणतो, ‘स्वतः यावं लागेल.’ मग तीन आठवड्यांची सुट्टी काढून यायचं, आणि त्यातला निम्मा वेळ क्रम चुकल्यामुळे घालवायचा. बँकेत गेल्यावर कळतं की आधी मोबाइल नंबर चालू हवा होता. करार करायला बसल्यावर कळतं की आधारचे ठसे लॉक आहेत. जो वेळ आई-वडिलांसोबत जायला हवा तो काउंटरसमोर जातो.

म्हणून तिकिट काढलं की लगेच कामांची दोन भागांत वाटणी करा. ज्यात तुमचा अंगठा, ओली सही किंवा तुम्ही स्वतः समोर लागता, ती कामं पुण्यात पहिल्या आठवड्यात करायची. जी नुसत्या ओटीपीवर होतात, ती परत गेल्यावर निवांत करायची. सुट्टीत लॅपटॉप उघडून मिळकतकर भरत बसू नका, तो तिकडूनही भरता येतो. तारखा ठरवताना हेही बघा की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. गणपतीत किंवा दिवाळीत आलात तर हातात खरे कामाचे दिवस फार थोडे उरतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा त्या मानाने बरा, फक्त २६ तारीख सोडायची.

येताना सोबत काय आणायचं

पासपोर्ट आणि व्हिसा किंवा तिथला रहिवासी परवाना, दोन्हींच्या मूळ प्रती आणि चार-चार झेरॉक्स. तिथल्या पत्त्याचा अलीकडचा पुरावा, म्हणजे वीजबिल किंवा बँक स्टेटमेंट. तो इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर तिकडूनच करून आणा, पुण्यात जर्मन किंवा जपानी कागद बघून बँकेतला माणूस फाइल बाजूला ठेवतो. तिथला टॅक्स नंबरही लागतो, कारण खात्याचा कोणताही फॉर्म भरताना परदेशातल्या करदायित्वाची घोषणा द्यावी लागते. पासपोर्ट साइझ फोटो आठ-दहा.

यापेक्षा मोठी अडचण नावाची असते. मराठी माणसाचं मधलं नाव प्रत्येक कागदावर वेगळं वागतं. पासपोर्टवर वडिलांचं पूर्ण नाव, बँकेत नुसतं आद्याक्षर, पॅनवर मधलं नावच नाही, आणि इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणी उताऱ्यावर, मराठीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदललेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचा फ्लॅट माहेरच्या नावावर असेल तर गुंता आणखी वाढतो. निघण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडून एकेक अक्षर जुळवा. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचं त्याच्याकडे वळवा. किरकोळ फरक असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. आडनावच वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागते.

सगळ्यात आधी सिम

पुढची सगळी कामं या नंबरवर लटकलेली असतात. नंबर तुमच्याच नावावर हवा. भावाच्या नावावरचं सिम बारा वर्षं वापरत असाल तर या फेरीत ते स्वतःच्या नावावर करून घ्या. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात न वापरल्यास कंपनी बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. मग तुमच्या बँकेचे मेसेज भलत्याच माणसाला जातात. दीर्घ मुदतीचं रिचार्ज करा आणि संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. आंतरराष्ट्रीय रोमिंग विमानात बसण्याआधी, पुण्यात असतानाच चालू करा. तिकडे पोहोचल्यावर ते चालू करायला पुन्हा त्याच नंबरवर ओटीपी येतो, आणि नेटवर्कच नसल्यामुळे तो मिळत नाही. रोमिंगवर येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत. मोबाइल डेटा मात्र बंद ठेवा.

मग आधार आणि पॅन

आधारला जोडलेला नंबर बदलायचा असेल तर आधार सेवा केंद्राची ऑनलाइन वेळ घ्या आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत जाऊन या. नोंद व्हायला दिवस लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. तिथून बाहेर पडण्याआधी बोटांचे ठसे नीट घेतले जातात ना हे पाहा, पुढे करारासाठी तेच लागणार आहेत.

पॅनचं काम घरबसल्या होतं, पण लोक नेमकं तेच विसरतात. अनिवासी भारतीयांना पॅन-आधार जोडणीतून सूट आहे. मात्र आयकर खात्याच्या नोंदीत तुमचा दर्जा अजून ‘निवासी’ असेल तर ती सूट खात्याला दिसत नाही आणि पॅन निष्क्रिय ठरतो. परतावा अडकतो, टीडीएस, म्हणजे उत्पन्नातून आधीच कापला जाणारा कर, चढ्या दराने जातो. आयकर पोर्टलवर प्रोफाइलमध्ये निवासी दर्जा बदला.

बँक: सेव्हिंगचं एनआरओ

कायमचं परदेशात गेल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवणं फेमा या परकीय चलन कायद्यात बसत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. भारतातलं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, लाभांश, एनआरओत जमा होतं. तिकडची कमाई पाठवायची असेल तर एनआरई हे अनिवासींचंच दुसरं खातं. एनआरईवरच्या व्याजाला इथे कर नाही आणि पैसे मोकळेपणी परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस मिळून ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो.

फॉर्म देण्याआधी जुन्या खात्यातून आपोआप जाणाऱ्या रकमांची यादी करा: गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, विम्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स. काही बँकांत खाते क्रमांक बदलतो, जुनं चेकबुक आणि डेबिट कार्ड बाद होतं, आणि हे सगळे हप्ते एकाच महिन्यात परत फिरतात. सहीचा नमुना नव्याने द्या. वीस वर्षांपूर्वीची कॉलेजातली सही आता जमत नाही हे बहुतेकांना चेक परत आल्यावर कळतं. एनआरओ खात्यात आई किंवा वडिलांना जोडीदार म्हणून घेता येतं, पण निवासी नातेवाइकासोबत ते ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनेच, म्हणजे व्यवहार पहिल्या खातेदाराने करायचे आणि दुसऱ्याचा हक्क त्याच्या पश्चात. नॉमिनीची नोंद त्याच भेटीत तपासा.

बँकेकडे तुमचा परदेशातला मोबाइल नंबरही नोंदवून ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, यूएई अशा दहा देशांच्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्यांना यूपीआयची परवानगी दिली. तुमची बँक ती सोय देते का, हे शाखेतच विचारा. परत गेल्यावर दर सहा महिन्यांनी एखादा छोटा व्यवहार करत राहा. दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं, आणि बँकेने जमा केलेलं व्याज व्यवहार म्हणून धरत नाहीत.

कुलमुखत्यारपत्र

वडील सोसायटीत जातात, भाडेकरू बघतात, म्हणून करारावरही तेच मालक म्हणून सही करतात. हे चुकीचं आहे. फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर मालक तुम्हीच, आणि वडिलांना सही करायची तर नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) हवं. नुसतं नोटरी केलेलं घरातल्या व्यवहाराला चालेल, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायला इथल्या नोटरीचं पुरत नाही.

पुण्यात असताना हवेलीच्या सह दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदारांसह ते नोंदवणं सगळ्यात सोपं. आत अधिकार एकेक करून लिहा: भाडेकरार करणं आणि नोंदवणं, अनामत घेणं-परत करणं, सोसायटी, महावितरण आणि महापालिकेत अर्ज करणं. विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. विक्री ठरली तर त्या वेळी त्या व्यवहारापुरतं वेगळं करा. आई-वडील, भावंडं, नवरा-बायको अशा जवळच्यांना मोबदल्याशिवाय विक्रीचा अधिकार दिला तर मुद्रांक ५०० रुपये. मित्राला किंवा एजंटला दिला तर खरेदीखताइतका.

तिकडूनच करायची वेळ आली तर भारतीय वकिलातीत सही करा किंवा तिथल्या नोटरीकडून करून अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा तिथल्या सरकारचा शिक्का, घ्या. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रांकित करावा लागतो. कुरियरचं पाकीट टाकून देऊ नका, तारखेचा पुरावा तोच असतो. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत हवी: देणारा वारला की कुलमुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं.

भाडेकरार

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे पुण्यात अजून ऐकू येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाल्यावर नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. तुम्ही तिकडे असताना हा धोका पत्करू नका.

मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या वार्षिक १० टक्क्यांवर मिळून ०.२५ टक्के. भाडं २८,००० आणि अनामत १,००,००० असेल तर अकरा महिन्यांचं भाडं ३,०८,००० आणि अनामतीचे सुमारे ९,१६७. त्यावर शुल्क सुमारे ८०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचे पैसे वेगळे.

ऑनलाइन नोंदणीत एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि ठशाचं छोटं यंत्र घेऊन घरी येतो. अंगठा आधारशी जुळवला जातो आणि इथेच काम अडतं. ठसे लॉक असतील तर आदल्या दिवशी आधारच्या अॅपमधून उघडून ठेवा, त्यालाही जोडलेला मोबाइल लागतो. वडिलांचा अंगठा झिजलेला असेल तर कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, थोडंसं क्रीम चोळून पाच मिनिटांनी लावायला सांगा. यंत्राची काच ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसा. अंगठा नाहीच लागला तर दुसरं बोट चालतं का ते एजंटला विचारा. कुलमुखत्यारामार्फत करार असेल तर तुम्ही हयात आहात आणि अधिकार रद्द केलेला नाही असं घोषणापत्र जोडावं लागतं.

भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरून पावती जपा. भाडेकरू परदेशी विद्यार्थी असेल तर त्याच्या राहण्याची माहिती (पूर्वीचा सी-फॉर्म) २४ तासांत ऑनलाइन भरायची असते. तुमच्या नव्या देशात तुमचीही अशी नोंद झाली असेल, त्यामुळे त्याची धास्ती घेऊन चांगल्या मुलाला घर नाकारू नका.

आता टीडीएस. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूने ३१.२ टक्के कापायचे असतात. २८,००० वर ते ८,७३६ होतात, तुमच्या हातात १९,२६४. त्यासाठी भाडेकरूला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागतो आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागतं. हे कळल्यावर कित्येक भाडेकरू मागे हटतात, म्हणून ही गोष्ट फ्लॅट दाखवतानाच सांगा. वर्षाचं भाडं ३,३६,००० धरलं तर ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर २,३५,२०० उरतात. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीतल्या ४ लाखांच्या मर्यादेच्या आत ही रक्कम बसते, म्हणजे कापलेला सगळा पैसा परत मिळतो. पण विवरणपत्र भरलं आणि पोर्टलवर एनआरओ खातं आधी पडताळून ठेवलं तरच. हे पैसे पुढे तिकडे नेताना बँक सीएचं प्रमाणपत्र आणि कर भरल्याचा पुरावा मागते, म्हणून सीए पुण्यात असतानाच एकदा प्रत्यक्ष भेटून ठरवा.

तिकडून होणारी कामं

फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं शुल्क, लावते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. बिलात जास्त दिसलं तर सेक्रेटरींना आदेशाचा हवाला देऊन शांतपणे लेखी पत्र द्या.

बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये, दोन्हींचे मिळकतकराचे पोर्टल वेगळे. सवलतीच्या सुरुवातीच्या मुदतीतच भरा, थकल्यास पुणे महापालिका महिन्याला २ टक्के शास्ती लावते. घर स्वतःच्या वापरात असेल तर पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत २०२३ पासून पुन्हा मिळते. बिलात दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज द्यावा लागतो. भाड्याच्या घराला ती नाही.

लाइट बिलाचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट फोनमध्ये लिहून ठेवा. परदेशी कार्ड या पोर्टलवर बऱ्याचदा नाकारलं जातं, एनआरओचं नेटबँकिंग चालतं. फ्लॅट रिकामा असला तरी स्थिर आकार येतच राहतो आणि थकलं तर १५ दिवसांच्या नोटिशीनंतर वीज तोडता येते. बिलाची सूचना ज्या मोबाइलवर येते तो जुन्या भाडेकरूचा तर नाही ना, हे निघण्याच्या आदल्या रात्री नक्की तपासा.